लग्नघरातला जनरेटर

'वादळी वाऱ्यासह अवकाळी पाऊस' हे शब्द मी नांदेडच्या एका दैनिकाच्या डेस्कवर दर उन्हाळ्यात लिहीत आले आहे. तालुक्याचे वार्ताहर फोन करतात. पत्रे उडाले, झाडं पडली, विजेचे खांब वाकले, एवढं सांगतात आणि त्यातून चार परिच्छेदांची बातमी होते. शेवटी 'वीजपुरवठा सुरळीत करण्याचे काम उशिरापर्यंत सुरू होते' असं वाक्य जातं. ते खरं असतं. पण ते काम संपेपर्यंत घरांमध्ये काय चाललेलं असतं, याला बातमीत जागा नसते. गेल्या मे महिन्यात सुटी घेऊन मी मामाच्या गावी होते, तेव्हा ते बघावं लागलं.

मामाचं गाव जळकोटपासून जवळ, डोंगराच्या उताराला आहे. घरात मामा आणि मामी दोघंच. मुलगा पुण्याला नोकरीला. मामीची फुप्फुसं गेली काही वर्षं कमजोर होत गेली आणि लातूरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की आता घरीच, दिवसरात्र ऑक्सिजन लावावा लागेल. तेव्हापासून तिच्या पलंगाशी विजेवर चालणारी, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी मशीन असते. मशीनपासून नळी मामीच्या नाकापर्यंत जाते आणि त्या नळीच्या लांबीएवढंच तिचं फिरणं असतं. वीज गेली तर इन्व्हर्टर होता. इन्व्हर्टरही बसला तर एक लहान सिलिंडर. तो दवाखान्यात नेताना वाटेपुरता आहे, त्याच्यावर घरी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

वादळ दुपार कलल्यावर आलं. आधी पश्चिमेला धूळ दिसली, मग दारातला लिंब वाजायला लागला. मागच्या खोलीचे पत्रे आडव्या लाकडांसकट उचलले गेले आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीपलीकडे जाऊन पडले. इन्व्हर्टर त्याच खोलीत होता. त्याच्यावर पाणी गेलं, एकदा फट् असा आवाज झाला आणि तो बंद पडला. मामीची खोली स्लॅबची होती म्हणून वाचली. मशीन आवाज करून थांबली. मी सिलिंडरची नळी जोडली. मामाने दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. झाडं पडलीत, रस्ता मोकळा झाला की गाडी निघेल, असं उत्तर आलं. त्यानंतर कोणालाच फोन लागेना. टॉवर बंद पडला होता.

गावाने त्या संध्याकाळी जमेल ते केलं. कोणाच्या गोठ्यावरचं छप्पर गेलं होतं, कोणाच्या म्हशीच्या पायावर पत्रा पडला होता, तरी माणसं आली. टॉवरला डिझेलवर चालणारा जनरेटर आहे, तो जाळीच्या पिंजऱ्यात कुलूपबंद असतो आणि किल्लीवाला उदगीरला राहतो. दोघांनी जाऊन कुलूप तोडलं. आत टाकी कोरडी होती आणि बॅटरीच्या तारा कोणीतरी आधीच कापून नेल्या होत्या. एका घरचा इन्व्हर्टर उचलून आणला. त्याच्यावर मशीन चालली, पण पहाटेच्या आधी तोही बसला. उजाडल्यावर एक शेजारी शेतांतून मोटारसायकल काढत जळकोटला जाऊन आला. तिथंही वीज नव्हती, औषधाच्या दुकानात सिलिंडर नव्हता, आणि रस्त्यावर मोठी चिंच आडवी पडलेली होती. तिच्या पुढं खांब आणि तारा.

त्यामुळे सकाळी मामी पुन्हा त्या लहान सिलिंडरवर होती. त्याच्यावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा हिरव्यातून निघून पिवळ्यात आला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या कमीत कमी खुणेवर मी प्रवाह आणून ठेवला. मामी उशीला टेकून बसली होती, ओठ जरा निळसर. तिने काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. आम्ही सगळे दर थोड्या वेळाने पाहत होतो, आणि तिला कळू नये म्हणून पाण्याचा तांब्या उचलायच्या निमित्ताने पाहत होतो.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून सनई ऐकू आली. स्पीकरवरची. सगळ्या शिवारात वीज नसताना स्पीकर वाजत होता.

"तिकडं आज लगीन हाय," शेजारीण म्हणाली. "मांडववाल्याचा जनरेटर असंल."

मामाने धोतर बदललं, टोपी झटकली. मी चप्पल घातली. ओढ्याच्या अलीकडच्या बांधावर मामा थांबला आणि म्हणाला, "तिथं मी बोलतो. तू काही बोलू नको."

"काय बोलणार?"

"बोलतो ना."

पलीकडचं गाव मोठं आणि उदगीरच्या रस्त्यावर. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने तिथला मांडव पूर्ण झोपवला होता आणि सकाळपासून तो पुन्हा उभा केला जात होता. कनाती ओल्या होत्या, बांबूंना चिखल होता. नवरदेवाकडची मंडळी आली होती. मैदानाच्या कडेला त्यांच्या जीपा आणि एक बस उभी होती. म्हणजे उदगीरची बाजू उघडी होती. मांडवाच्या मागे, शाळेच्या भिंतीला लागून, जनरेटर धडधडत होता. त्याच्यावर पंखे, दिवे, स्पीकर चालले होते आणि एका फळीवर पंचवीस-तीस मोबाईल चार्ज होत होते.

नवरीच्या वडिलांनी मामाला लांबूनच ओळखलं. दोन्ही गावांची पंचक्रोशी एक, सोयरीक जवळची.

"या पाव्हणं! वादळानं न्हाई आडवलं म्हणायचं तुम्हाला!"

"आलो बघा," मामा हसून म्हणाला. "मांडव उभा राहिला का?"

"हाव, राहिला. पडलेला मांडव उभा केला की पोरगी सुखात राहती म्हणत्यात." आजूबाजूचे हसले. "बसा. शरबत आणा रे!"

मामा बसला. शरबत प्यायला. मग म्हणाला, "एक काम होतं. जनरेटर जरा पाहिजे होता. टाकीत पाणी चढवायचं हाय."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"पाणी?" नवरीचे वडील म्हणाले. "आता आक्षता पडू द्या, पंगती उठू द्या, मग खुशाल न्या. पाण्याचं काय एवढं?"

"तुमच्या गावात हापसा न्हाई का, पाव्हणं?" मागून एक जण म्हणाला. "का सरपंचानं तो बी खाल्ला?"

"हापसा हाय," मामा म्हणाला. "पर म्हटलं, जमलं तर."

"जमतंय की. दुपारच्याला. बसा तुम्ही निवांत. फेटेवाला कुठं गेला? पाव्हण्यांना फेटा बांधा!"

आमच्या भागात लग्नघरी आजाराचं, मरणाचं नाव काढत नाहीत. कोणी विचारलं, घरी सगळी बरी का, तर बरी म्हणायचं. सुतकातला माणूस मांडवाला येत नाही, आणि घरात दुखणं असलेला आला तरी ते दुखणं दाराबाहेर ठेवून येतो. मामाने आयुष्यभर हे पाळलं होतं. त्या सकाळीही पाळलं. त्याचा हिशेब मला नंतर कळला. जनरेटर मागितला की देतील, का पाहिजे ते विचारत बसणार नाहीत, असं त्याला वाटलं होतं. पण खरं कारण न सांगता मागितलेली वस्तू ही सवडीने द्यायची वस्तू ठरते, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

फेटेवाला आला. मामाच्या डोक्यावर गुलाबी कापडाचे वेढे पडू लागले. खुर्चीवर बसलेल्या मामाचे दोन्ही हात मांडीवर होते आणि एक गुडघा सारखा हलत होता. मी उठले आणि शाळेच्या भिंतीकडे गेले.

मांडववाला उदगीरचा, साठीच्या आसपासचा. त्याला सगळे चाचा म्हणत. तो जनरेटरच्या टाकीत काडी घालून डिझेल पाहत होता. बातमीत पहिल्या वाक्यात जे असावं लागतं ते मी त्याला पहिल्या वाक्यात सांगितलं : माझ्या मामीला ऑक्सिजनची मशीन लागते, वीज नाही, सिलिंडर संपत आला आहे, आम्हाला तुमचा जनरेटर पाहिजे.

त्याने काडी खाली ठेवली. "मग तो बुढ्ढा तिथं फेटा बांधून काय करून राहिला?"

"पाण्यासाठी पाहिजे म्हणाला."

"या अल्ला." त्याने डिझेलचे हात पुसले. "बेटी, ऐक. जनरेटर माझा, पर सुपारी घेतलेली हाय. नवरी वाटं लागेपर्यंत तो त्यांचा. मी आपल्या मनानं वायर काढली तर उद्यापासून या गावात मला कोण बोलवंल? मर्दांना विचारू नको, ते आता पाव्हण्यात हायत. आत जा. नवरीच्या आईला सांग. जे मला सांगितलं तसंच सांग."

शाळेच्या एका वर्गात बायका होत्या. खिडक्या लावलेल्या, उकाडा, फळ्यावर अजून कसली तरी बेरीज. नवरी पाटावर बसलेली, मोबाईलच्या उजेडात तिचा अंबाडा चालला होता. तिची आई कोपऱ्यात ओटीच्या नारळांकडे बघत उभी होती. मी तिला अक्का म्हटलं आणि तेच वाक्य सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गातलं बोलणं हळूहळू थांबलं. नवरीचा अंबाडा घालणारीचा हातही थांबला. मला वाटलं, मी चूक केली. अशा सकाळी, हळदीच्या अंगाच्या मुलीसमोर.

"किती येळ पुरंल ते?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. दुपारपर्यंत नाही."

"आन् जनरेटर तिकडं न्यायचा कसा? ओढ्यात चिखल हाय. चार गडी लागतील, तरी हलायचा न्हाई." ती दाराकडे वळली. "त्यो कशाला हलवता? तिलाच इकडं आणा."

"मांडवात?" एक बाई म्हणाली. ती नवरदेवाकडची होती. "नाकात नळी घातलेलं माणूस? विहिणी काय म्हणतील?"

"तुम्हीच विहीण," नवरीची आई म्हणाली. "तुम्हीच सांगा आता, काय म्हणता."

ती बाई पदर नीट करत राहिली. मग म्हणाली, "एका कडंला बसवा मंजे झालं."

"कडंलाच बसवते. जगायला येऊन राहिली बाई, नाचायला न्हाई."

यानंतर गोष्टी वेगाने झाल्या, निदान मला तशा आठवतात. चाचाच्या माणसांनी एका प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी मांडवाचे बांबू बांधले. नवरीची आई स्वतः जाऊन नवरदेवाच्या काकाशी बोलली आणि त्यांची एक जीप उदगीरच्या दवाखान्याकडे निघाली : मोठा सिलिंडर किंवा ऑक्सिजनची गाडी, जे मिळेल ते आणायला. मामीलाच जीपने न्यावं तर सिलिंडर वाटेत संपला असता. जीपवाल्याला मी डॉक्टरांची चिठ्ठी देऊ शकले नाही, ती घरी होती. नाव, वय, आजार त्याला तीनदा म्हणायला लावलं. मामा फेट्यासकट माझ्यामागे पळत आला.

"कोणाला सांगितलं?"

"सगळ्यांना."

ओढा उतरताना एकदा पाय घसरून तो गुडघ्यावर आला. उठला आणि तसाच पुढं चालत राहिला.

घरी काटा लालच्या कडेला होता. शेजारीण मामीला पदराने वारा घालत होती. खुर्ची घेऊन आलेली अनोळखी माणसं, चिखलात बरबटलेला नवरा आणि त्याच्या डोक्यावरचा गुलाबी फेटा, हे मामीने एकामागून एक पाहिलं. तिला एका दमात दोन शब्दांपेक्षा जास्त बोलता येत नव्हतं.

"दुसरं... लगीन... केलं काय?"

खुर्ची उचलणारे हसले. मामा हसला नाही. त्याने मशीन उचलून डोक्यावर घेतली, फेट्यावरच.

सिलिंडर मामीच्या दोन पायांमध्ये धरला होता. त्याला मी एका हाताने धरून चालत होते. ओढ्यात माणसांचे पाय पिंढरीपर्यंत रुतत. प्रत्येक वेळी खुर्ची एका बाजूला झुकली की मामी डोळे मिटे. मधोमध आल्यावर पुढच्या डाव्या बांबूची गाठ सैल झाली. खुर्ची खाली ठेवायला जागा नव्हती. एकाने खुर्चीचा पाय खांद्यावर घेतला, दुसऱ्याने गाठ आवळली. तेवढा वेळ मी काट्याकडे बघत होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. काटा लालमध्ये गेलेला होता. मी प्रवाह आणखी कमी करावा का, हे मला कळत नव्हतं. कमी केला तर मामीला दम लागला असता, न केला तर सिलिंडर संपला असता. मी तो तसाच ठेवला.

मांडवात जनरेटरपासून सगळ्यात लांबच्या टोकाला, धूर येणार नाही अशा जागी, चाचाने वायर ओढून ठेवली होती. मशीन लावली. ती आधी लांब आवाज करत ओरडली, मग थांबली, मग तिची नेहमीची घरघर सुरू झाली. मी सिलिंडर बंद केला. थोडं काहीतरी शिल्लक होतं. मामीचा श्वास ताळ्यावर यायला वेळ लागला. नवरीची आई येऊन तिच्या कपाळाला कुंकू लावून गेली, जसं कोणत्याही पाहुणीला लावतात.

आता जीप येईपर्यंत थांबायचं होतं. चाचाने स्पीकर बंद केला होता. स्पीकर, पंखे आणि मशीन एवढा भार जनरेटर घेणार नाही, असं तो म्हणाला आणि स्पीकरच्या वायरवर पालथी बादली ठेवली. डिझेल कमी होतं. दोन ट्रॅक्टरच्या टाक्यांतून नळीने ओढून डबा भरला. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "माझं डिझेल लग्नाला देतोय का दवाखान्याला, आधी सांगा." दुसरा म्हणाला, "दोन्हीला दिलं म्हण, पुण्य डबल."

मामा मामीजवळ बसला नाही. तो चार खुर्च्या सोडून, रस्त्याकडे तोंड करून बसला. दोघांतिघांनी त्याला विचारलं, बरं हाय का आता. त्याने मान हलवली. नवरीचे वडीलही आले आणि त्याच्या शेजारी बसले.

"पाव्हणं, सकाळीच हे म्हणायचं होतं."

"लगीनघर तुमचं," मामा म्हणाला.

"अन् तोंड तुमचं." एवढं बोलून ते उठले. रागावले होते की नव्हते, मला ओळखता आलं नाही.

दुपारी परण्या निघाला. नवरदेव मारुतीच्या देवळाकडे गेला आणि मित्रांबरोबर परत आला. मित्रांना मांडवात शिरताना गाणं हवं होतं. त्यातल्या एकाने बादली बाजूला सारून वायर लावली. मला ते दिसलं, पण मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते. गाण्याचा एक ठोका वाजला. पंख्यांचा वेग उतरला, जनरेटर गुरगुरला आणि बंद पडला.

मशीनने ओरडायला सुरुवात केली. मी सिलिंडर उघडला. काटा हललासुद्धा नाही, तो तळाशीच होता. नळीतून काही येत होतं की नाही, मला सांगता येईना. मामीने खुर्चीचा हात धरला आणि पुढं वाकली. चाचा जनरेटरची दोरी ओढत होता. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिकडे मित्र पुन्हा वायर खुपसत होते. त्यांना वाटत होतं, खोट त्यांच्याच बाजूची आहे.

मामा उठला. दाटीतून, खुर्च्या पाडत, तो त्यांच्यापर्यंत गेला. नवरदेव घोड्यावरून उतरत होता, बायका ओवाळायला तबक घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध उभं राहून तो ओरडला :

"काढा ती वायर! माझी बायको मरून राहिली!"

मांडव गप्प झाला. फक्त मशीन ओरडत होती. मग मघा वर्गात 'विहिणी काय म्हणतील' म्हणालेली नवरदेवाकडची तीच बाई पुढं झाली आणि तिने वायर हिसकून काढली. ती तिने आपल्या हातातच गुंडाळून धरली. चाचाने पुन्हा दोरी ओढली. जनरेटर खोकला आणि लागला. पंखे फिरायला लागले. मशीनचं ओरडणं थांबून घरघर सुरू झाली. मामीचा हात खुर्चीवर तसाच होता. मी तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला, ती सुटेनात. काही वेळाने तिने स्वतःच सोडली.

मामा तिथंच उभा होता. लग्नाच्या दारात तो शब्द त्याने मोठ्याने उच्चारला होता आणि आता तो परत घेता येत नव्हता. नवरदेवाच्या काकाने त्याचा हात धरून त्याला बाजूला आणलं आणि मामीच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. या वेळी तो तिथं बसला.

मंगलाष्टकं माईकशिवाय झाली. गुरुजींचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हता, त्यामुळे 'सावधान' कधी झालं ते पुढच्यांचे हात पाहून मागच्यांना कळायचं. मागच्या रांगांच्या अक्षता उशिरा पडत होत्या आणि बऱ्याचशा वाटेतच, आमच्यावर. मामी नळीवर पडलेले तांदूळ एकेक करून बाजूला करत होती.

पंगती बसल्या, उठल्या. जीप आली नव्हती. उदगीर लांब नाही, पण वादळानंतर तिथल्या दवाखान्यात काय परिस्थिती होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. डिझेलचा दुसरा डबा ओतला गेला. चाचाची माणसं त्याच्याकडे बघत होती, कारण दुसऱ्या दिवशी मुखेडकडे त्यांचं पुढचं लग्न होतं आणि मांडव तिथं आज पोचायला हवा होता. नवरी वाटे लागली. ती गाडीत बसण्याआधी सगळ्यांच्या पाया पडत आली, तशी मामीच्याही पडली. मामीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. रडारड झाली. बस गेली.

आता सुपारीप्रमाणे जनरेटर चाचाचा होता. मामा त्याच्याजवळ गेला. मी पाठोपाठ गेले, कारण या वेळी तो काय बोलेल याची मला खात्री नव्हती.

"चाचा, जीप आली न्हाई," मामा म्हणाला. "तुमी गेले तर ती वाचत न्हाई."

"मला दिसून राहिलं," चाचा म्हणाला. "तिकडचा मालक शिव्या घालणार हाय मला. आईवरून घालतो तो." त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. "मांडव सोडा. जनरेटर ऱ्हाऊ द्या."

त्यांनी मांडव सोडायला घेतला. कनाती खाली आल्या, गुंडाळल्या गेल्या. बांबू ट्रॉलीत पडू लागले. झालरी, खुर्च्या, नवरा-नवरीचा लाल सोफासेट. मैदान मोकळं होत गेलं आणि उतरतं ऊन आत आलं. मामीच्या डोक्यावरचा छताचा तुकडा आणि त्याचे चार बांबू तेवढे त्यांनी ठेवले. त्या सावलीत मामी, मशीन, मामा आणि मी. बाकी सगळीकडे पत्रावळी आणि चिखल.

ऊन पिवळं झाल्यावर जीप दिसली. मागच्या बाजूला आडवा बांधलेला मोठा सिलिंडर होता. जीपवाल्याने सांगितलं की दवाखान्यात वादळात जखमी झालेल्यांची गर्दी आहे, गाडी मिळाली नाही, हा एक सिलिंडर मिळाला तो दुपारभर दारात उभं राहून. सिलिंडरचं तोंड घट्ट बसलेलं होतं. चाचाच्या पान्याने ते उघडलं. मी नळी जोडली. नळीच्या वाटेतल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात का, हे बघायचं होतं, पण जनरेटरच्या थरथरीने बाटलीतलं पाणी आधीच हलत होतं.

"बंद करू?" चाचाने विचारलं.

त्याने मामाकडे पाहिलं. मामाने मामीकडे पाहिलं.

"करा," मामी म्हणाली.

जनरेटर थांबला. पाणी स्थिर झालं. मग तळातून एक बुडबुडा वर आला, त्याच्यामागून दुसरा, आणि मग ते सारखे येत राहिले.

मामीला जीपमध्ये बसवलं. मामा तिच्या बाजूला, सिलिंडर दोघांच्या पायांशी, मी पुढं. जीप उदगीरच्या दवाखान्याच्या वाटेला वळली तेव्हा चाचाची माणसं छताचा राहिलेला तुकडा सोडत होती.